बाळाला लळा कसा लागतो? पहिल्या दीड वर्षाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तान्ह्या बाळाचं आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसांचं नातं पहिल्या दीड वर्षात कसं घडतं, कुठे अडतं आणि अडलं तर काय करायचं, हे आई-वडील, आजी-आजोबा आणि पाळणाघरातल्या ताई पुन्हापुन्हा विचारतात. त्या प्रश्नांची ही उत्तरं. आजारपणाची शंका असेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावं.

लळा लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

बाळ घाबरलं, दमलं, त्याला कुठे दुखलं-खुपलं की ते ठरावीक माणसांकडे झेपावतं आणि त्यांनी जवळ घेतलं की शांत होतं. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे: ती माणसं आसपास आहेत याची खात्री असली की बाळ त्यांना सोडून लांब जातं. नऊ महिन्यांचं रांगतं मूल आईच्या मांडीवरून उतरतं, ओट्याखालच्या डब्यांपर्यंत जातं, एक झाकण फरशीवर आपटतं, वळून आईकडे बघतं आणि ती दिसली की पुन्हा डब्यांच्या मागे लागतं. नातं जागेवर आहे याची यापेक्षा चांगली खूण नाही. पुष्कळ पालक फक्त चिकटण्यालाच लळा समजतात आणि मूल लांब जाऊन खेळू लागलं की हिरमुसतात. तसं वाटून घेऊ नये.

ही मांडणी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांची. त्यांच्याआधी सर्वसाधारण समजूत अशी होती की जो दूध पाजतो त्याच्यावर बाळ जीव लावतं. 1958 साली अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांजवळ दोन नकली आया ठेवल्याचं प्रसिद्ध केलं. एक नुसत्या तारांची, तिला दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली, तिच्याकडे दूध नाही. पिल्लं दुधापुरती तारेच्या आईकडे जायची आणि बाकी सगळा वेळ कापडाला बिलगून काढायची. (हा प्रयोग पिल्लांसाठी फार क्रूर होता, हेही सांगायला हवं.) पुढे 1964 मध्ये ग्लासगोत रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी 60 बाळांचा पाठपुरावा केला. तिथे असं दिसलं की भरवणारा-न्हाऊ घालणारा माणूस हाच बाळाचा सर्वांत लाडका असतो असं नाही. बाळाच्या आवाजाला, हालचालीला जो चटकन उत्तर देतो, त्याच्याशी बाळाची जास्त गट्टी जमते.

हे केव्हापासून सुरू होतं? कोणत्या महिन्यात काय दिसायला हवं?

सुरुवात पोटातच होते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येत असतात आणि आईचा आवाज ओळखीचा झालेला असतो. 1980 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात तीन दिवसांच्या आतल्या बाळांनी आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलली होती. जन्मतः बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं सर्वांत बरं दिसतं. अंगावर पिताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो.

पहिले दोन महिने बाळ कुणाच्याही हातात शांत होऊ शकतं. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास समोरच्याकडे बघून हसू उमटतं; झोपेतलं हसू वेगळं, ते पहिल्या दिवसापासून असतं. तीन ते सहा महिन्यांत घरच्यांना मोठं हसू आणि परक्यांना जरा कमी, असा फरक पडू लागतो. सहा-सात महिन्यांनंतर ‘आपली’ माणसं पक्की होतात. आठव्या-नवव्या महिन्यात परक्यांची भीती वाटू लागते, आणि आपलं माणूस दूर जाण्याची भीती दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलं असेल तर हे सगळं प्रसूतीच्या दिलेल्या तारखेपासून मोजावं. दोन महिने आधी आलेलं बाळ चौथ्या महिन्यात हसलं तर ते वेळेवरच हसलं.

सिझेरियन झालं, बाळ पहिले दहा दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं. पहिला तास हुकला म्हणजे नातं कच्चं राहतं का?

नाही. जन्मानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात हा विचार 1970 च्या दशकात पुढे आला आणि त्याचा एक फायदा झाला: रुग्णालयांनी बाळ-बाळंतिणीला एकत्र ठेवायला सुरुवात केली. पण तो तास हुकला की कायमचं नुकसान होतं, हे पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. मेंढीच्या बाबतीत तशी काही तासांची मुदत असते, माणसाच्या बाबतीत नाही. आपल्याकडे लळा महिनोन्महिने घडत राहतो.

जन्मल्याबरोबर बाळ छातीवर ठेवण्याचे फायदे खरे आहेत: अंगाची ऊब टिकते, दूध लवकर सुरू होतं. जमलं तर ते करावंच. जमलं नाही तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याच्या दिवसापासून ‘कांगारू मदर केअर’ सुरू करावं. 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या (इन्क्युबेटर) कमी पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. मुदतीआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून दिवसाला 8 ते 24 तास हे करायला सांगते, आणि शक्य तितक्या लवकर.

करायचं असं. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. आईने पुढून उघडणारा गाऊन किंवा सैल ब्लाउज घालावा. बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, छातीला छाती लावून. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं आणि हनुवटी छातीवर पडत नाही. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून मऊ ओढणी किंवा पट्टा बाळाच्या कानाखालपर्यंत येईल असा बांधावा. आईने सपाट झोपू नये, पाठीला उशा लावून रेलून बसावं. एका वेळी किमान एक तास. दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर बाळाची झोप मोडते आणि हाती काही लागत नाही. वडील, आजी, मावशी कुणीही हे करू शकतं. आईला टाके दुखत असतील त्या दिवसांत वडिलांनीच करावं.

सारखं उचलून घेतलं तर बाळाला हाताची सवय लागते का?

पहिल्या सहा महिन्यांत तरी ही भीती मनातून काढून टाकावी. ‘रडलो की आई येते, मग मुद्दाम रडू’ असा डाव आखण्याइतकी त्या वयात बुद्धी तयार झालेली नसते. रडणं ही त्याची एकमेव हाक आहे. 1972 मध्ये सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, सुरुवातीच्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला लवकर उत्तर मिळालं ती वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती आणि हावभावांनी, आवाजांनी जास्त बोलत होती. 1986 मधल्या कॅनडातल्या अभ्यासात पालकांना बाळ रडत नसतानाही दिवसभरात जास्तीचे तास कडेवर-खांद्यावर घ्यायला सांगितलं होतं. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचं रडणं इतरांपेक्षा सुमारे 43 टक्क्यांनी कमी होतं.

आता रडण्याचं गणित. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. त्या काळात दिवसाला दोन-तीन तास, तेही बहुतेक संध्याकाळी, रडणारी निरोगी बाळं भरपूर असतात. म्हणून क्रमाने बघावं: भूक, ओला लंगोट, ढेकर, फार गरम किंवा गार, कपड्याची गाठ टोचते का, बोटाला केस-दोरा गुंडाळला आहे का, झोप आली आहे का. मग अंधूक उजेडात खांद्यावर घेऊन एका लयीत चालावं, एकच अंगाई हळू आवाजात म्हणावी. पाच मिनिटांत चार उपाय बदलणं ही सर्रास होणारी चूक आहे. खुळखुळा, मग पंखा, मग बाल्कनी, मग दुसऱ्याच्या हातात, असं केलं की आधीच त्रासलेलं बाळ आणखी बिथरतं. एक उपाय निदान दहा मिनिटं चालू ठेवावा.

आणि तुमचाच तोल सुटू लागला तर? बाळाला पाळण्यात किंवा सपाट गादीवर पाठीवर ठेवा, दार लोटा, पाच-दहा मिनिटं बाहेर जा, पाणी प्या, कुणाला तरी हाक मारा. तेवढ्याने बाळाचं काहीही बिघडत नाही. बाळाला गदागदा हलवणं मात्र जिवावर बेतू शकतं. मेंदूत रक्तस्राव होतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, पिणं बंद, किंवा नेहमीपेक्षा वेगळं, किंचाळल्यासारखं रडणं असेल तर थेट दवाखाना गाठावा.

बाळाला काय हवंय ते ओळखायचं कसं?

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर द्यायला हवा, कारण लळा इथेच घडतो. चार पायऱ्या आहेत: थांबणं, बघणं, उत्तर देणं, वाट पाहणं. चौथी पायरी बहुतेक जण गाळतात.

लंगोट बदलण्याचा प्रसंग घ्या, दिवसातून आठ-दहा वेळा येतोच. बाळाला आडवं ठेवल्यावर लगेच पाय उचलू नका. आधी चेहरा त्याच्यासमोर आणा, त्याची नजर तुमच्यावर येऊ द्या, मग सांगा, ‘आता ओलं काढूया हं.’ ओला कपडा काढताना ते दचकलं, हात पसरले, तर तळवा छातीवर हलका ठेवा आणि क्षणभर थांबा. पुसून झालं, बाळाने ‘आऽऽ’ केलं, तर तुम्हीही तसंच ‘आऽऽ’ करा आणि गप्प राहा. पाच ते दहा सेकंद. तान्ह्या बाळाला तुमचं ऐकून, पचवून, स्वतःचं तोंड उघडायला एवढा वेळ लागतो. मोठी माणसं दोन सेकंदांत पुढचं वाक्य बोलतात आणि बाळाची पाळी हुकते. वाट पाहिली की बहुतेक वेळा दुसरा हुंकार येतो, आणि हा गप्पांचा खेळ तीन-चार फेऱ्या चालतो. एवढं पुरतं. त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको, महागडी खेळणी नकोत.

‘पुरे’ म्हणण्याच्याही खुणा असतात. नजर बाजूला वळवणं, जांभई, उचकी, कपाळाला आठ्या, बोटं ताठ पसरणं, पाठ मागे ताणणं. नजर वळवली की आपण टाळ्या वाजवून, गाल ओढून ती परत खेचायला जातो. बाळ त्या वेळी विश्रांती घेत असतं. गप्प बसा, ते स्वतःच परत वळेल. वळलं की मग हसा.

मालिशलाही हेच लागू आहे. बाळ हातपाय सैल सोडून बघत असेल तर चांगलं चाललंय. अंग ताठ करून रडत असेल तर हात थांबवावेत, जोर कमी करावा, उद्या बघावं. ‘रडलं की अंग मोकळं होतं’ या समजुतीला काहीही आधार नाही. मालिश करणाऱ्या मावशींना हे स्पष्ट सांगायला आई-बाबांनी संकोच करू नये.

प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देणं जमत नाही. मग?

कुणालाच जमत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात एक प्रयोग केला: आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच होत नाही म्हटल्यावर नजर काढून घेतं, रडतं. त्याच संशोधकांनी चांगल्या चाललेल्या जोड्यांचं बारकाईने निरीक्षण केलं तेव्हा आई आणि बाळ एका सुरात असण्याचा काळ साधारण तीस टक्केच भरला. उरलेल्या वेळात गैरसमज होत होते आणि ते मिटत होते. त्या मिटण्यातून बाळ शिकतं की बिनसलेलं पुन्हा जुळतं. म्हणून आवाज चढला, उशीर झाला, भुकेला झोप समजून बसलात, तर परत जवळ जा, मऊ आवाजात बोला, उचलून घ्या. उशिरा दिलेलं उत्तरही उत्तरच असतं.

मोबाईलमुळे खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो बाळाच्या पडद्यापेक्षा आधी आपल्या पडद्याने पडतो. फोन बघणाऱ्या माणसाचा चेहरा वर सांगितलेल्या निर्विकार चेहऱ्यासारखाच असतो. अंगावर पाजताना, लंगोट बदलताना, संध्याकाळी कामावरून आल्यावर पहिली वीस मिनिटं, एवढ्या वेळा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बाळासाठी दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. दूरच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. गाणी लावून भरवणं तर नक्कीच टाळावं: बाळ भरवणाऱ्याकडे बघत नाही आणि पोट भरल्याचंही त्याच्या लक्षात येत नाही.

बाळंतपण माहेरी झालं. बाबा तीन महिने फक्त रविवारी भेटले. आता बाळ त्यांच्याकडे रडतं.

आपल्याकडे हे घरोघरी दिसतं, आणि दुरुस्त होतं. बाबांनी रोजचं एक काम पूर्णपणे स्वतःकडे घ्यावं: अंघोळ, किंवा संध्याकाळचं फिरवणं, किंवा रात्री ढेकर काढून झोपवणं. ‘पूर्णपणे’ हा कळीचा भाग आहे. बाळ रडल्याबरोबर आईच्या हातात दिलं तर पुढच्या वेळी बाबा दिसताच आईला शोधेल. पहिले तीन-चार दिवस आईने त्याच खोलीत बसावं पण हात पुढे करू नये, मग हळूहळू बाहेर जावं. बहुतेक बाळं दोन-तीन आठवड्यांत रुळतात. बाळाला सांभाळणाऱ्या वडिलांच्या शरीरातही ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. मायेसाठी बाळंत व्हावं लागत नाही. पुढच्या खेपेला मात्र माहेरचा मुक्काम कमी ठेवता येईल का, किंवा बाबांना मधूनमधून आठवडाभर तिथे राहता येईल का, हे आधीच ठरवावं.

घरात सगळेच बाळाला घेतात. आजीचा लळा जास्त लागला तर आईचा कमी होईल का?

लळ्याला ठरावीक कोटा नसतो. वर्षाच्या आत बहुतेक मुलं दोन-तीन-चार माणसांशी घट्ट जोडली जातात आणि एकीकडची ऊब दुसरीकडची कमी करत नाही. दुखलं-खुपलं की एकाकडेच धावतात, एवढंच; तो क्रम महिन्या-महिन्याला बदलतोही.

बिघडतं ते वेगळ्या कारणाने. माणसं खूप असतील पण प्रत्येकजण दहा मिनिटं खेळवून दुसऱ्याकडे देत असेल, तर बाळाच्या खुणा शिकायला कुणालाच सवड मिळत नाही. झोपवणं, भरवणं, रात्री उठणं ही कामं दोन-तीन ठरावीक माणसांकडे ठेवा आणि बाकीच्यांनी खेळवावं. आईकडे फक्त पाजण्याचं काम आणि हसण्या-खेळण्याचं सगळं इतरांकडे, अशी वाटणी काही घरांत होते. आईवर तो अन्याय आहे. बाळंतिणीला विश्रांती द्यायची तर तिच्याकडून स्वयंपाक काढून घ्या, बाळ नको.

नऊ महिन्यांचं होईपर्यंत सगळ्यांकडे जायचं. आता पाहुणे आले की भोकाड पसरतं. काही बिघडलं का?

उलट सगळं ठीक चाललंय. आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला आता कळतं. पाहुण्यांना सांगा: आल्या आल्या हात पुढे करू नका, थेट डोळ्यांत बघू नका, आईशी बोलत बसा, जवळ एक वाटी-चमचा ठेवून द्या. दहा-पंधरा मिनिटांत बाळच सरकत येईल. रडणारं मूल ‘बघू, माझ्याकडे येतं का’ म्हणून ओढून घेणं हा त्याच्यावरचा जुलूम आहे. आजोबांना वाईट वाटेल म्हणूनही तो होऊ देऊ नये.

याच वयात आई स्वयंपाकघरात गेली तरी आकांत होतो. लपून सटकणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय आहे. रडणं त्या क्षणापुरतं वाचतं, पण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे कळल्यावर मूल तिला नजरेआड होऊ देत नाही. जाताना सांगा, एकच वाक्य रोज तेच ठेवा, हात हलवा आणि खरंच जा. दारात पाच मिनिटं रेंगाळू नका. परत आलात की ‘आले मी’ म्हणून आधी बाळाला घ्या, मग पिशवी ठेवा. घरात पदराआड ‘कुक... भो’ खेळा. दिसेनासं झालेलं माणूस परत येतं, हाच त्या खेळाचा धडा आहे.

‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ लळा म्हणजे काय? घरी चाचणी करता येते का?

मेरी एन्सवर्थ यांनी 1954-55 मध्ये युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत 26 आया आणि त्यांच्या बाळांचं घरी जाऊन निरीक्षण केलं. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी साधारण वीस मिनिटांची एक पद्धत बसवली. बारा ते अठरा महिन्यांचं मूल, आई आणि एक अनोळखी बाई एका खेळण्यांच्या खोलीत. आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. तज्ज्ञ मुख्यतः बघतात ते आई परतल्यावर मूल काय करतं. सुरक्षित मूल रडलेलं असो-नसो, तिच्याकडे जातं, शांत होतं, पुन्हा खेळू लागतं. काही मुलं तिला टाळतात, काही चिकटतात पण रागावून ढकलतातही आणि निवत नाहीत. थोडी मुलं गोंधळून थिजतात किंवा विचित्र हालचाली करतात. हा चौथा प्रकार 1980 च्या दशकात मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी नोंदवला. 1988 मध्ये आठ देशांतल्या अशा निरीक्षणांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा जवळपास दोनतृतीयांश मुलं सुरक्षित गटात होती.

घरी हे करू नका. प्रशिक्षणाशिवाय चुकीचा निष्कर्ष निघतो. शिवाय हा शिक्का मुलावर बसत नाही, तो एका नात्याबद्दल असतो आणि परिस्थिती बदलली की बदलतो.

रजा संपते आहे. पाळणाघरात कसं रुळवायचं?

2017 च्या दुरुस्तीपासून संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. असंघटित कामात यातलं जवळपास काहीच हाती येत नाही, हे दुर्दैव आहे.

रजा संपायच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा. जर्मनीतल्या पाळणाघरांत रूढ असलेली ‘बर्लिन पद्धत’ आपल्याकडेही सहज वापरता येते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा बाळासोबत तासभर जातात, कोपऱ्यात शांत बसतात. वेगळं करायचंच नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन बाहेर जायचं, जास्तीत जास्त तीस मिनिटं. बाळ ताईंकडून शांत झालं तर पुढच्या दिवसांत वेळ वाढवायचा. नाही झालं तर लगेच परत यायचं आणि आणखी काही दिवस सोबत बसायचं. चौथा दिवस सोमवारी येऊ देऊ नये, शनिवार-रविवारच्या खंडानंतर बाळ पुन्हा बुजलेलं असतं. ज्या ताई सांभाळणार त्यांनीच या दिवसांत लंगोट बदलावा आणि भरवावं, आईच्या देखत. आईच्या वापरातलं न धुतलेलं दुपटं सोबत द्यावं. वास ओळखीचा असतो.

पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं बघू नका. एका ताईकडे वर्षाखालची किती बाळं आहेत ते विचारा; तीन-चारच्या वर असतील तर पुन्हा विचार करा. रोज तीच ताई असते का, गेल्या वर्षभरात किती ताई बदलल्या, हेही विचारा. बाळ रडलं तेव्हा ती काय करते, हे अर्धा तास बसून बघा. संध्याकाळी तुम्हाला बघताच मूल रडलं तर घाबरू नका. दिवसभर धरून ठेवलेलं तुमच्यापाशी सोडतं.

मूल काही महिने गावी आजी-आजोबांकडे ठेवलं तर?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीडसारख्या जिल्ह्यांतून उसाच्या तोडीला जाणाऱ्या कुटुंबांपुढे आणि परदेशात नोकरी करणाऱ्या जोडप्यांपुढेही हा प्रश्न असतो. निवड नेहमीच आपल्या हातात नसते, म्हणून कसं करायचं ते सांगतो. सहा महिने ते अडीच वर्षं या वयात ताटातूट सर्वांत जड जाते. मूल आधी आक्रोश करतं, मग मलूल होतं, आणि बराच काळ गेला तर आई समोर आली तरी अनोळखी असल्यासारखं वागतं. हा विसर नसतो, स्वतःला वाचवणं असतं.

आजीकडे सोडण्याआधी दोन आठवडे आई आणि आजी दोघींनी मिळून सांभाळावं. झोपेची अंगाई, भरवण्याची वाटी, पांघरूण तेच ठेवावं. रोज ठरलेल्या वेळी फोन. चेहऱ्यासोबत रोजचीच अंगाई म्हणावी. परत आणताना तोच क्रम उलटा: आजीने निदान आठवडाभर सोबत यावं. मूल आता आजीचंही आहे. तिला अचानक तोडलं तर त्याची दुसऱ्यांदा ताटातूट होते. परतल्यावर ते चिकटेल, रात्री उठेल, किंवा आईला झिडकारेल. झिडकारलं तरी जवळ बसून राहावं. काही आठवडे लागतात.

बाळाबद्दल मनात काहीच येत नाही. मी वाईट आई आहे का?

नाही. पुष्कळ बायांना माया हळूहळू, काही आठवड्यांनी वाटू लागते. तिसऱ्या-पाचव्या दिवशी विनाकारण रडू येणं हेही सर्रास असतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटणं, बाळ झोपलेलं असताना स्वतःला झोप न लागणं, भूक जाणं, ‘माझ्याशिवाय बाळाचं बरं होईल’ असे विचार, हे असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली वापरतात, पाच मिनिटं लागतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार, भास, काही दिवस अजिबात झोप नाही, असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं आणि तोवर तिला एकटं सोडू नये. ‘टेलिमानस’ची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. अंगावर पाजताना घेता येतील अशी औषधं आहेत, म्हणून आपल्याच मनाने दूध तोडू नये. या काळात वडील किंवा आजी बाळाला भरभरून उत्तर देत राहिले तर बाळाची बाजू बरीच सावरते.

घरी येणाऱ्या आशाताईंनाही हे मोकळेपणाने सांगावं. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात. गडचिरोलीत ‘सर्च’च्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभं केलेलं घरोघरी नवजात बालसेवेचं काम या भेटींच्या मुळाशी आहे.

दत्तक घेतलेल्या बाळाला लळा लागतो का?

लागतो. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 नंतर अनाथालयातल्या 136 बाळांचा अभ्यास झाला. ज्यांना कुटुंबात ठेवलं त्यांची नाती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बरीच सुरक्षित झाली, आणि दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांना फायदा जास्त झाला. सुरुवातीचे दोन-तीन महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं फक्त आई-बाबांनीच करावं. बारसं, पाहुणे, नातेवाइकांची रीघ जरा पुढे ढकलावी. संस्थेतून आलेलं मूल कुणाकडेही हसत गेलं तर ते ‘गुणी’ आहे म्हणून खूश होऊ नका. त्याला अजून आपलं माणूस सापडायचं आहे.

शेजारी झोपवावं की पाळण्यात?

लळ्यासाठी दोन्ही चालतं. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर वेगळ्या सपाट अंथरुणावर झोपवणं सर्वांत सुरक्षित. बाळ नेहमी पाठीवर. राईची उशी, लोड, जाड गोधडी नको. अंथरुणात दारू किंवा झोपेचं औषध घेतलेलं, विडी-सिगारेट ओढणारं कुणी नसावं. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी कधीच काढू नये.

नुसता लळ्याचा प्रश्न नाही, तपासणी हवी, हे कधी समजायचं?

तीन महिन्यांपर्यंत समोरच्याकडे बघून हसत नसेल किंवा नजर देत नसेल, मोठ्या आवाजाला दचकत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत आवाजाला आवाज आणि हसण्याला हसू परत येत नसेल, वर्षापर्यंत नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवणं-टाटा करणं नसेल, किंवा आधी येत असलेलं काही नाहीसं झालं असेल, तर वाट पाहू नका. कान, डोळे आणि एकूण वाढ तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ‘डीईआयसी’ या नावाने चालणारी केंद्रं असतात, तिथे ही तपासणी मोफत होते. स्वमग्नता (ऑटिझम) आईच्या माया न करण्याने होते, असं विसाव्या शतकाच्या मध्यात मोठमोठे तज्ज्ञही म्हणत. ते साफ चुकीचं होतं आणि त्यापायी असंख्य आयांना नाहक दोष सोसावा लागला. आजही नातेवाइकांपैकी कुणी तसं म्हणालं तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत घेऊन जावं.